आधी गाड्या मोजा, मग हरणं

प्रश्न थोडक्यात असा होता: अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात येऊन दोन वर्षं झाली, राहायला अटलांटाजवळच्या अल्फारेटाला, व्हिसा एच-वन-बी. ऑफिसातला सहकारी दर हिवाळ्यात हरणाचं मांस आणून देतो, पण त्याच्या सासऱ्यांची स्वतःची जमीन आहे. आपल्याकडे ना जमीन, ना शिकारीच्या लीजला भरायला पैसे. तर सरकारी डब्ल्यूएमएवर (वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया, परवानाधारकांना शिकारीसाठी खुलं रान) जाऊन खरंच काही मिळतं, की नुसती जत्रा असते? आणि डब्ल्यूएमएच्या हद्दीला लागून बसलं तर?

मिळतं. जत्राही असते. मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, गेले सतरा हंगाम जॉर्जियात डब्ल्यूएमएवरच शिकार करतोय. खासगी जमिनीवर पाहुणा म्हणून दोनदा गेलो तेवढंच. पहिले तीन हंगाम एकही हरीण घरी आणलं नाही. हरणं होती. मी हरणांचा अभ्यास करत होतो आणि माणसांचा अजिबात करत नव्हतो, तिथे गाडी अडली होती.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. ‘वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टिपेश्वर किंवा ताडोबा येतं: गेट, जिप्सी, गाइड, गाडीतून उतरायचं नाही. इथे व्यवस्थापनातच शिकार धरलेली आहे. कोणत्या आठवड्यात, कोणत्या हत्याराने, नर की मादी, हे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे, म्हणजे डीएनआरचे, जीवशास्त्रज्ञ प्रत्येक जागेसाठी वेगळं ठरवतात. राज्यात अशा शंभरावर जागा आहेत, मिळून साधारण दहा लाख एकर. काही राज्याच्या मालकीच्या, काही राष्ट्रीय वनांच्या आत, आणि बऱ्याच खासगी मालकांकडून किंवा कंपन्यांकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या. भाडेपट्टा संपला की ती जागा नकाशावरून जाते, म्हणून मित्राच्या पाच वर्षांपूर्वीच्या आठवणीवर जाऊ नका. खर्च परवान्यांतून निघतो, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली रायफली, काडतुसं आणि धनुष्यबाणाच्या सामानावर जो 11 टक्के कर बसतो त्यातून. तुम्ही काडतुसांचं एक खोकं घेतलंत की त्या रानाच्या देखभालीत थोडी भर पडली.

आणि ही हरणं पूर्वापार इथेच होती असं समजू नका. शंभर वर्षांपूर्वी उत्तर जॉर्जियाच्या डोंगरांत हरीण जवळपास संपलेलं होतं. आर्थर वुडी नावाच्या रेंजरने 1920 च्या दशकात पदरचे पैसे घालून पाडसं आणली, वाढवली आणि ब्लू रिजच्या डोंगरात सोडली. पुढे राज्यानेही बाहेरून हरणं आणून सोडली. आज जॉर्जियात पांढऱ्या शेपटीची हरणं दहा लाखांच्या वर आहेत.

आता कागदपत्रं. तुमच्या बाबतीत हीच पहिली पायरी, कारण इथे चूक झाली तर प्रकरण दंडावर भागत नाही, व्हिसापर्यंत जातं. केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (1 जानेवारी 1961 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो), मग परवाना, मग बंदुकीला हात. ‘बाळगणे’ यात मित्राची रायफल हातात धरून रेंजवर दोन बार काढणंही येतं, म्हणून परवाना हातात येईपर्यंत तेही नको. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. मी वकील नाही. तुमच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाका, लेखी उत्तर घेऊन ठेवा.

माझा सल्ला विचाराल तर पहिला हंगाम क्रॉसबोवर, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेल्या धनुष्यावर, काढा. जॉर्जियात धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो चालतो, तो हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, त्यात गर्दी बंदुकीच्या हंगामाच्या मानाने फार कमी असते, आणि तीस-पस्तीस यार्डांच्या आत जनावर येईपर्यंत थांबायची सवय लागते. ही सवय पुढे रायफल घेतल्यावरही उपयोगी पडते. ऑक्टोबरच्या मध्याला ‘प्रिमिटिव्ह वेपन्स’चा आठवडा असतो, त्यात ठासणीच्या बंदुका चालतात. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. आजोबांच्या तोंडून ऐकलेली भरमार अटलांटाच्या मॉलमध्ये स्टेनलेस स्टीलची, दुर्बीण लावलेली दिसली तेव्हा मी दहा मिनिटं नुसता बघत उभा होतो. त्यानंतर ऑक्टोबरच्या अखेरीपासून रायफल, ती थेट जानेवारीपर्यंत.

हे झाले राज्याचे दिवस. डब्ल्यूएमएचे दिवस यापेक्षा कमी असतात आणि प्रत्येकाचे वेगळे. इथे नवे लोक हमखास पकडले जातात. राज्यात रायफल चालू आहे म्हणून डब्ल्यूएमएवरही चालू असेल, असं धरून जातात. नियमपुस्तिकेत तुमच्या जागेच्या नावापुढे ज्या तारखा छापल्यात तेवढ्याच खऱ्या. काही हंट कोट्याचे: उन्हाळ्यात ऑनलाइन अर्ज, सोडत, आणि नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षासाठी एक गुण जमा. पहिल्याच वर्षी अर्ज करून ठेवा, मिळालं नाही तरी गुण साठतात. काही साइन-इन: फाट्यावरच्या खोक्यापाशी नाव नोंदवायचं आणि आत जायचं. काही चेक-इन: जनावर चेक स्टेशनवर न्यायचं, तिथला माणूस वजन करतो, जबड्याचे दात बघून वय सांगतो. चेक-इनला कंटाळा करू नका. त्या पाच मिनिटांत जो जीवशास्त्रज्ञ भेटतो त्याला त्या रानातलं ओढा-ओहोळ पाठ असतं आणि विचारलं तर तो सांगतो. मला माझ्या सगळ्यात चांगल्या दोन जागा अशाच, तराजूपाशी उभ्या उभ्या मिळाल्या.

राज्याची मर्यादा हंगामाला 12 हरणांची, त्यात बिनशिंगी 10 आणि शिंगवाले 2. मारल्याबरोबर, हलवायच्या आधी नोंद करायची, आणि 24 तासांत राज्याच्या ‘गेम चेक’ नोंदणीवर कळवायचं. बंदुकीच्या दिवसांत कमरेच्या वर निदान 500 चौरस इंच भडक नारिंगी रंग अंगावर हवा. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसतच नाही, त्याला लाल-नारिंगीतला भेद कळत नाही. उलट निळ्याकडचे रंग त्याला आपल्याहून चांगले दिसतात. म्हणून शिकारीचे कपडे ‘जादा शुभ्रता’वाल्या साबणाने धुवू नका, आणि निळी जीन्स घरी ठेवा. आमिष, म्हणजे मका वगैरे टाकणं, खासगी जमिनीवर चालतं, डब्ल्यूएमएवर नाही. झाडाला खिळे ठोकून किंवा स्क्रू पिळून मचाण बांधायचं नाही, फक्त बांधून-सोडून नेता येईल असं. एवढं पुरे. बाकी पुस्तिकेत आहे.

आता मूळ मुद्दा.

डब्ल्यूएमएवरचं हरीण माणसांचा नकाशा डोक्यात घेऊन फिरतं. गळ्यात जीपीएस पट्टे बांधलेल्या हरणांच्या अभ्यासांत हे वारंवार दिसलंय: शिकार सुरू झाली की शिकारी जिथे बसतात त्या जागा हरीण दिवसा टाळतं आणि अंधार पडल्यावर तिथेच येऊन चरतं. तो डोंगर सोडून कुठे लांब जात नाही. त्याच चौरस मैलात, जिथे माणूस येत नाही त्या बेचक्यात जाऊन बसतं. तेव्हा पहिल्या दिवशी हरणाचे माग शोधू नका. माणसांचे शोधा.

कसे? पहाटे साडेचारला जा आणि शिकार न करता नुसत्या गाड्या मोजा. कोणत्या फाट्यावर किती पिकअप उभ्या आहेत, हेडलॅम्प कोणत्या दिशेने गेले, किती वाजता परत आले. मी सीडर क्रीक नावाच्या डब्ल्यूएमएवर एका शनिवारी हे केलं. एका फाट्यावर चौदा गाड्या होत्या. चौदांपैकी बारा माणसं वनखात्याच्या बंद रस्त्याने सरळ आत, मैल-सव्वा मैल चालत गेली. का? कारण ‘सरकारी रानात आत जितकं लांब जाल तितकं बरं’ हे सगळ्यांनी एकाच ठिकाणी वाचलेलं. आणि सगळ्यांच्या फोनात तेच नकाशाचं ॲप, त्यावर तीच ठसठशीत खिंड. पहाटे सहाला त्या खिंडीत दादर स्टेशन झालेलं असतं.

त्या हंगामातली मादी मी नोंदणीच्या खोक्यापासून दीडशे यार्डांवर मारली. रस्ता आणि ओढा यांच्यामध्ये काटेरी वेलींचं एक गचपण होतं, आत वाकून शिरावं लागे, दिसायला इतकं टुकार की कुणी तिथे दुसऱ्यांदा बघत नव्हतं. सगळे त्याच्या शेजारून पुढे चालत जायचे. वेळ सकाळी अकराची. हीसुद्धा माणसांचीच गोष्ट: साडेनऊ-दहाला लोकांना थंडी वाजते, भूक लागते, ते उठतात आणि चालत गाडीकडे येतात. त्यांच्या येण्याने हरणं उठतात. आपल्याकडे हाकारे घालायचे, इथे हाका बिनपैशाने होतो, फक्त तो हाका आहे हे हाकणाऱ्यांना माहीत नसतं. डबा बरोबर न्या आणि नऊ ते एक जागेवरून हलू नका. भाकरी, कोरडी चटणी. फोडणीचं काही नको. लसणाचा वास तीनशे यार्ड जातो.

म्हणून अंतर मैलांत मोजू नका, अडचणीत मोजा. गुडघाभर पाण्याचा ओढा हा एका मैलाच्या चालण्यापेक्षा मोठा अडसर आहे, कारण पहाटे पाय ओले करायला माणूस तयार होत नाही. शंभर डॉलरचे कमरेपर्यंतचे गमबूट हे माझ्याकडचं सर्वांत किफायती हत्यार आहे. उभी चढण, दलदल, दोन वर्षांपूर्वी तोडलेल्या जंगलावर उगवलेलं दाट खुरटं रान, रस्त्याला अगदी खेटून असलेला पट्टा, चेक स्टेशनची मागची बाजू. नकाशावर या जागांना काही आकर्षण नसतं. हरणांना असतं.

जमीन वाचणं तुम्हाला जड जाणार नाही, सह्याद्रीत ट्रेक केले असतील तर. सोंड, खिंड, घळ, पठार, ओढ्याचा संगम: सगळं तेच, उंची फक्त कमी. मध्य जॉर्जियातली बी. एफ. ग्रँट, सीडर क्रीक, रेडलँड्स ही रानं एके काळी कापसाची शेतं होती. जमीन धुपली, बोल वीव्हिल नावाच्या भुंग्याने (आपल्या बोंडअळीचा इथला भाऊबंद) बोंडं खाल्ली, शेतकरी गाव सोडून गेले, आणि तिथे पाइन उगवला. पाइनच्या दाटीत चालताना अजून जुने बांध पायाखाली लागतात. यवतमाळच्या माणसाला पहिल्यांदा ते लागतात तेव्हा तो जरा थबकतो. हरणं त्याच बांधांवरून आडवी चालतात, कारण चढ-उतार करण्यापेक्षा सोपं पडतं. पाइनच्या लागवडीत ओढ्याकाठी रुंद पानांच्या झाडांचा पट्टा राखलेला असतो. तो पट्टा म्हणजे हरणांची पाणंद. त्यातही पांढरा ओक शोधा. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची फळं पडायला लागली की हरणं टाकलेला मकासुद्धा सोडून तिकडे जातात. लाल ओकची फळं तुरट, ती मागाहून खातात. झाडाखाली फुटलेली टरफलं आणि ताज्या लेंड्या दिसल्या की नकाशा खिशात घाला.

वारा तर सगळ्याच्या वर. उपणणीला उभं राहताना बाप जसा मूठभर भुसा उडवून बघायचा तसं सतत बघत राहायचं. इथे पावडरची बाटली मिळते, टाल्कमही चालते. पण डोंगरात नुसता वारा बघून भागत नाही. ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी गार झाली की पाण्यासारखी घळीत उतरते. सकाळी घळीत बसलात तर तुमचा वास वरच्या सगळ्या सोंडेला कळतो. संध्याकाळी वर बसलात तर खालच्यांना. ‘वारा बरोबर होता तरी हरणाने फुत्कार टाकला’ असं लोक म्हणतात, त्यातलं बरंच हे असतं.

माजाचे दिवस जागेप्रमाणे बदलतात. जॉर्जिया विद्यापीठातल्या लोकांनी रस्त्यावर गाड्यांना धडकलेल्या हरणांच्या नोंदींवरून जिल्हावार नकाशा काढलाय, कारण नर माद्यांमागे धावतात तेव्हाच जास्त धडकतात. डोकेबाज काम आहे. मध्य जॉर्जियात साधारण नोव्हेंबरचा पूर्वार्ध, नैर्ऋत्येला त्यानंतर कितीतरी. डीएनआरच्या साइटवर तो नकाशा आहे; रजा त्याप्रमाणे टाका. दिवाळी बहुधा त्याच सुमारास येते, ते घरी कसं सांगायचं हे माझ्या कक्षेबाहेर.

तुमच्यासाठी सोयीच्या जागा: उत्तरेला डॉसन फॉरेस्ट, वायव्येला अलाटूना तलावाभोवतीची डब्ल्यूएमए. डॉसन फॉरेस्टचा मोठा तुकडा अटलांटा शहराच्या मालकीचा, दुसऱ्या विमानतळासाठी घेतलेला. त्याआधी तिथे लॉकहीडने हवाई दलासाठी अणुशक्तीवर विमान चालवायची प्रयोगशाळा काढली होती. विमान उडालं नाही, विमानतळ झाला नाही, आता तिथे घोडेस्वार, सायकलवाले आणि आम्ही. दुसऱ्यांची वाट म्हणून जपून वागा. चट्टाहूची राष्ट्रीय वनातल्या डोंगरी डब्ल्यूएमए, कोहटा वगैरे, दिसायला अप्रतिम, पण तिथे हरणं विरळ आहेत आणि मादी मारायचे दिवस कमी. अस्वलं भेटतील. पहिल्या दोन वर्षांत दीड-दोन तास गाडी हाकून मध्य जॉर्जियातल्या कापूसरानात जा.

आता हद्दीचा प्रश्न, आणि इथे मी माझीच फजिती सांगतो. दुसऱ्या हंगामात एका डब्ल्यूएमएच्या कडेला, पिवळ्या पाट्यांपासून चाळीस यार्डांवर बसलो. पलीकडे खासगी जमीन, त्यावर मक्याचा फीडर, म्हणजे हरणांसाठी मका टाकणारं पिंप. डोकं लढवलं असं मला वाटलं: त्याच्या मक्यावर निघालेली हरणं माझ्यासमोरून जाणार. संध्याकाळी मादी आली, बाण थोडा मागे लागला, ती उडी मारून पलीकडे गेली. जमीन कुणाची मला माहीत नव्हतं. परवानगीशिवाय पाऊल टाकणं म्हणजे अतिक्रमण, जखमी जनावर आणायला गेलात तरी. रात्री अकरापर्यंत दोन घरांची दारं वाजवली. एकाने उघडलं नाही, दुसऱ्याने सांगितलं जमीन त्याची नाही. सकाळी मालक सापडला, भला माणूस होता, स्वतः बरोबर आला. कोयोट्यांनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरांनी, फासळ्या तेवढ्या ठेवल्या होत्या.

तेव्हापासून माझा नियम: हद्दीपासून दोनशे यार्ड आत. शेजारच्या मालकाचं नाव-फोन हंगामाआधी काढायचं. जिल्ह्याच्या मालमत्ता नोंदी ऑनलाइन आहेत. ऑगस्टात जाऊन दार वाजवा, नारिंगी टोपी न घालता, आणि सांगा की मी शेजारच्या डब्ल्यूएमएवर असतो, कधी जनावर तुमच्याकडे आलं तर फोन करू का. ‘तुमच्या जमिनीवर शिकार करू द्या’ असं विचारू नका. मला आजवर एकानेच नाही म्हटलंय. आणि एका आजोबांनी तिसऱ्या वर्षी आपणहून सांगितलं, माझी भोपळ्याची वाडी हरणं खातात, धनुष्य घेऊन ये. दोनदा पाहुणा म्हणून गेलो असं वर म्हटलं ते हेच. सार्वजनिक रस्त्यापासून 50 यार्डांच्या आत बार काढू नका, रस्त्यापलीकडे तर नाहीच. आणि फीडरकडे तोंड करून हद्दीला चिकटून बसलेल्या माणसाकडे रेंजर वेगळ्या नजरेने बघतो, ते साहजिक आहे.

तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेल ते सांगतो: सावळा माणूस, पहाटे, रानात, हातात बंदूक. मलाही पहिली दोन वर्षं ते वाटायचं. अनुभव बहुतेक चांगलाच आहे. रेंजर तपासायला येतो तेव्हा सगळ्यांचंच तपासतो. हत्यार खाली, हात दिसतील असे, परवाना कुठल्या खिशात आहे ते आधी तोंडाने सांगायचं, मग हात घालायचा. फाट्यावर पिकअपवाल्यांना आपणहून ‘मॉर्निंग’ म्हणा आणि कुठे बसणार ते सांगा. लपवाछपवी करण्यापेक्षा एकमेकांच्या गोळीच्या रेषेत नाही हे कळलेलं बरं. तुमच्या जागी आधीच कुणी बसलेला दिसला तर दिवा एकदा हलवून मुकाट मागे फिरा.

आणि पट्टा. इथे शिकाऱ्यांना गोळ्यांपेक्षा मचाणावरून पडून जास्त इजा होते. संपूर्ण अंगाचा हार्नेस, जमिनीवर असतानाच बांधलेला, वर जाऊन नव्हे. माझा पाय बर्फाळ पायरीवरून निसटला तेव्हा मी दीड फूट खाली लोंबकळलो आणि बारा फूट पडलो नाही.

नेम खांद्याच्या मागे, छातीच्या खालच्या तृतीयांशात. कोन वाकडा असेल तर सोडून द्या. बार झाल्यावर उठू नका, अर्धा तास घड्याळ बघा. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं असतं. काळपट लाल असेल तर यकृत, दोन-तीन तास थांबा. हिरवट, घाण वास असेल तर पोटात लागलंय: सात-आठ तास थांबा, मागे गेलात तर ते उठून मैलभर जाईल आणि तुम्हाला कधीच सापडणार नाही. शेवटचा थेंब दिसला तिथे टॉयलेट पेपरचा तुकडा लावत पुढे जा; मागे वळून बघितलं की दिशा कळते.

मग खरी मेहनत. सप्टेंबरात जॉर्जियात तीस अंशांच्या आसपास गरमी असते. अर्ध्या तासात पोट साफ, छातीत बर्फाच्या पिशव्या, आणि चालायला लागा. 45 किलोच्या मादीतून हाड काढून पंधरा-सोळा किलो मांस मिळतं, पण ओढायचं सगळं वजन. लांब जाण्याबद्दल मी वर जे बोललो त्याचं दुसरं कारण हे. घरी आल्यावर कपडे दाराबाहेर काढा, अंगावर गोचीड शोधा. इथल्या लोन स्टार गोचिडीच्या चाव्याने काहींना लाल मांसाचीच ॲलर्जी होते, अल्फा-गॅल म्हणतात तिला. शिकाऱ्याला याहून वाईट शिक्षा नाही. पँट आणि बुटांना परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवून ठेवा.

एक रोगही माहीत हवा. सीडब्ल्यूडी, हरणांच्या मेंदूचा, प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, शिजवून न जाणारा. जॉर्जियात तो पहिल्यांदा जानेवारी 2025 मध्ये दक्षिणेकडच्या लॅनियर काउंटीत सापडला. माणसाला झाल्याची सिद्ध केस नाही, पण रोगी ठरलेलं जनावर खाऊ नये असाच सरकारी सल्ला आहे. त्या भागात मारलंत तर डोकं तपासणीला द्या. दुसऱ्या राज्यातून अख्खं धड आणायला जॉर्जियात बंदी आहे, हाड काढलेलं मांस चालतं.

स्वयंपाकाचं बायकोला विचारायला सांगू नका, स्वतः करा. या मांसात चरबी जवळपास नसते, आणि जी असते ती मेणासारखी जिभेला चिकटते. ती सगळी, आणि वरची चंदेरी पापुद्र्याची साल, सुरीने सोलून टाका. पाठीच्या पट्ट्या मसाल्यात बुडवू नका. मीठ, मिरपूड, कडक तापलेला तवा, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, आत गुलाबी. मांडीच्या मांसाला दही, आलं-लसूण, हळद लावून रात्रभर ठेवा आणि सुकं करा, तेल नेहमीपेक्षा सढळ. नळ्यांचा तांबडा रस्सा, कुकरला पाच-सहा शिट्या. काळ्या मसाल्याचा सावजी रस्सा मी करतो, त्याला हरणासारखं मांस नाही. घरात अर्धी मंडळी शाकाहारी असतील तर गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर घ्या, भांडण विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. जास्त झालं तर विकता येत नाही, कायद्याने बंदी आहे; वाटून टाका किंवा भुकेल्यांसाठी मांस घेणाऱ्या प्रोसेसरकडे, म्हणजे शिकार कापून देणाऱ्या दुकानदाराकडे, द्या.

गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा मोह होईल. 1972 च्या कायद्यानंतर आपल्याकडे हे काय समजलं जातं ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही कुठे मारलंत हे फोटोवर लिहिलेलं नसतं. शिंगंही सामानात घालून नागपूर विमानतळावर उतरू नका. माझी सगळी गॅरेजमध्ये आहेत, सायकली अडकवायला चांगली पडतात.